पाय निघेना

पाय करायचा आहे, असे मी जानेवारीतल्या एका रविवारी घरात जाहीर केले, तेव्हा आईने आधी माझ्या गुडघ्यांकडे पाहिले. पाय म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत पारीत फळे भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, हे समजावून सांगितल्यावर "म्हणजे थोरली करंजीच की," असा निकाल देऊन ती पुन्हा मटार सोलू लागली. पुण्याची भाची पुढच्या रविवारी साताऱ्याला यायची होती आणि स्ट्रॉबेरी पायाचे वचन मी तिला फोनवर देऊन बसलो होतो. हाताशी सात दिवस होते, आणि माझा घात त्या सात दिवसांनीच केला. एकच दिवस असता तर पाय नक्की झाला असता.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असताना ती राजवाड्याजवळच्या गाडीवरून घेणे मला अप्रशस्त वाटले, म्हणून सोमवारी मी थेट भिलार गाठले. भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचेही गाव आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. एका घराच्या ओसरीवर दिवस कलेपर्यंत वाचत बसून, शेवटच्या घटकेला दोन किलो स्ट्रॉबेरी घेऊन मी परतलो, आणि दिवस कामी लागल्याच्या समाधानात झोपलो.

मंगळवारी कृती वाचली. लोणी गारच हवे, कारण मैद्यात राहिलेल्या त्याच्या बारीक खड्यांतल्या पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होते आणि तीच पारीचे पदर सोडवते. भर दुपारी लोणी पाघळणार, तेव्हा हे काम पहाटेच करावे, असे मी ठरवले. बुधवारी पहाटे मात्र अजिंक्यतारा धुक्यात असा बुडाला होता, की लोण्याआधी माझीच बोटे गोठली असती. अखेर गुरुवारी, कोणाचेही लक्ष नसताना, पाव किलो मैदा आणि १२५ ग्रॅम लोणी मी बोटांच्या टोकांनी चोळले, बर्फाच्या पाण्याने गोळा केला आणि तो फ्रिजमध्ये ठेवला. पिठाला अर्धा तास विश्रांती द्यावी, असे कृतीत म्हटले होते. ती मी सढळ हाताने दिली आणि स्वतःही घेतली.

शुक्रवारी राजम्याने अडवले. पारी फुगू नये म्हणून तीवर कागद घालून कडधान्य पसरतात आणि आधी ती रिकामीच भाजतात. घरात चवळी होती, पण आईने "खायच्या चवळीची राख करायला?" असे विचारल्यामुळे राजमा आणायला मी बाहेर पडलो, पोवई नाक्यावर एक जुना मित्र भेटला, आणि रात्री घरी आले ते कंदी पेढे.

या काळात स्ट्रॉबेरी स्वस्थ बसली नव्हती. हे फळ तोडल्यानंतर पुढे पिकत नाही, नुसते नासत जाते. म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक फळ देठाला धरून उजेडात फिरवून पाहत असे आणि ज्याच्या पोटाला बोटाचा खळगा पडेल ते, वाया जाऊ नये या एकाच हेतूने, खात असे. शनिवारी रात्री मोजली तेव्हा अकरा उरली होती. नेमका तेव्हाच भाचीचा फोन आला.

"मामा, झाला का पाय?"

"गार होतोय," मी म्हणालो. पाय पुरता निवल्याशिवाय कापला तर आतला रस वाहून जातो, अशी शास्त्रोक्त जोडही मी दिली. गोळा फ्रिजमध्ये तीन दिवस गारच होत होता, त्यामुळे हे खोटे होते असे मला आजही वाटत नाही.

रविवारी मी आंघोळ उरकून येईपर्यंत आईने तो गोळा शोधून काढला होता. "मोहन फार झालंय, तेलात विरघळतील," असे पुटपुटत तिने त्यात पिठीसाखर आणि दोन मुठी मैदा मळला, जाड पोळी लाटली आणि कातण्याने कापून शंकरपाळ्या तळायला घेतल्या. अकरा स्ट्रॉबेऱ्या साखरेत कुस्करून वाटीत आल्या.

भाचीने एक शंकरपाळी वाटीत बुडवली, तोंडात टाकली, दुसरी मोडून तिचे पदर न्याहाळले आणि माझ्याकडे पाहिले.

"करंजी का नाही केली?" तिने आजीला विचारले.

"मामा सारण खाऊन बसला," आई म्हणाली.