४२८च्या जागी ५२० चेन बसत नाही

साताऱ्यातल्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर दोन दिवस मेसेज फिरतोय: ‘४२८ काढा, ५२० टाका, यवतेश्वर घाटात गाडी जास्त ओढते.’ साफ चूक. चेनच्या नंबरातला पहिला आकडा म्हणजे तिच्या दोन पिनांमधलं अंतर, इंचाच्या आठव्या भागात मोजलेलं. चारचं १२.७ मिमी, पाचचं १५.८७५. जुन्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरते त्या दातेरी चाकाच्या, दात्यांवर ती चेन बसणारच नाही. पुढचे दोन आकडे रुंदीचे. आणि गंमत बघा, ‘मोठी’ ५२० आतून ४२८पेक्षा अरुंद असते! ओढ बदलते ती स्प्रॉकेटच्या दात्यांची संख्या बदलल्यावर. जुन्या चेनच्या पट्टीवरचा आकडा तेल पुसून वाचा, कड्या मोजा, तेच दुकानात सांगा. दाते एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील, तर नुसती चेन घेऊ नका, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेटच घ्या.