कॅप्टन रॉक स्वातंत्र्यसैनिक नव्हता

आयर्लंडबद्दलचा एक मजकूर मराठीत बऱ्याच दिवसांपासून फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा असा: "1800 नंतर आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत कॅथलिक शेतकऱ्यांनी गुप्त संघटना काढून इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारलं. समोर प्रोटेस्टंट जमीनदार आणि लंडनहून आणलेले इंग्रज पोलिस होते. चर्च जनतेच्या पाठीशी होतं. पोलिसांनी निःशस्त्र शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि हेच पोलिस पुढे भारतात आले."

यातला जुलूम खरा आहे, म्हणूनच मजकूर पटकन पटतो. पण जुलूम कुणाचा, कुणावर आणि कशापायी, हे जवळजवळ प्रत्येक वाक्यात चुकलंय. आणि ज्याच्या पोटासाठी हे सगळं पेटलं, तो भूमिहीन मजूर तर या गोष्टीत दिसतच नाही.

"स्वातंत्र्ययुद्ध पुकारलं"

सुरुवात 1800 नंतरची नाहीच. 1761 मध्ये टिपरेरी काउंटीत अंगावर पांढरे सदरे चढवून माणसं रात्री बाहेर पडली आणि गायरानांना घातलेली कुंपणं पाडू लागली. तेच व्हाइटबॉय. पुढची सत्तर वर्षं नावं बदलत राहिली: थ्रेशर, कॅराव्हॅट, रिबनमेन, रॉकाइट, टेरी ऑल्ट. मागण्या फारशा बदलल्या नाहीत. रात्री दारावर लावलेल्या, खाली 'कॅप्टन रॉक' या काल्पनिक पुढाऱ्याची सही असलेल्या चिठ्ठ्यांत काय असायचं? खंड अमुक इतकाच घ्या. मजुरी इतकी द्या. हुसकावलेल्या कुळाची जमीन दुसऱ्या कुणी करायला घेऊ नये. परगावचा मजूर आणू नये. डब्लिनमध्ये राज्य कुणाचं असावं, याबद्दल त्यात सहसा अवाक्षर नाही.

हे समजायला तिथल्या मजुराचा हिशेब बघावा लागतो. त्याच्याकडे स्वतःची जमीन नाही. एखाद्या शेतकऱ्याकडून तो एका हंगामापुरता छोटा तुकडा बटाट्यासाठी खंडाने घेई. याला कोनेकर म्हणत. रोजंदारीचा मोठा वाटा त्या खंडातच वळता व्हायचा. वर्षभराचं अन्न म्हणजे तो तुकडा. तो हातचा गेला की उपास. 1815 ला नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं आणि धान्याचे भाव कोसळले. खंड मात्र युद्धकाळातल्या चढ्या भावांवर ठरलेले. धान्यापेक्षा गुरं परवडतात म्हटल्यावर मोठे शेतकरी नांगरट सोडून कुरणाकडे वळू लागले. तिकडे माणसं वाढतच होती: 1821 च्या शिरगणतीत सुमारे 68 लाख, 1841 मध्ये जवळपास 82 लाख. जमीन गवताखाली, माणसं उघड्यावर.

म्हणून 1831 मध्ये क्लेअर काउंटीत टेरी ऑल्ट मंडळींनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. जमाव फावडी घेऊन कुरणात शिरायचा आणि गवत मुळासकट उलटून टाकायचा. कुरण एकदा उखडलं की ते बटाट्यासाठी मजुरांना देण्यावाचून मालकाला दुसरा मार्ग उरायचा नाही. जॉर्ज कॉर्नवॉल लुईस या इंग्रज अभ्यासकाने 1836 मध्ये या सगळ्या प्रकाराला शेतकऱ्यांच्या रक्षणासाठीची एक अवाढव्य कामगार संघटना म्हटलं. त्याला या लोकांचा पुळका नव्हता, तरी त्याचं निदान आजच्या पोस्टपेक्षा कितीतरी नेमकं आहे.

एक गोष्ट पोस्टच्या बाजूने मांडायलाच हवी. 1821 ते 1824 मधल्या रॉकाइटांच्या बंडात धर्माचा रंग नक्की होता. 1825 मध्ये प्रोटेस्टंट पंथाचा नायनाट होणार, असं 'पास्तोरिनी'च्या (एका कॅथलिक बिशपचं टोपणनाव) नावावर खपणारं भाकीत मन्स्टर प्रांतात घरोघर पोहोचलं होतं. पण ठिणगी कुठे पडली? लिमरिकमधल्या न्यूकासल वेस्टजवळच्या कोर्टने जहागिरीवर. नव्या कारभाऱ्याने, हॉस्किन्सने, खंडवसुलीचा फास आवळला. 1821 मध्ये त्याच्या मुलाला गोळ्या घातल्या गेल्या. आधी खंड, भाकीत नंतर.

"कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट"

या मुद्द्याला उत्तर द्यायचं तर मारलं कोण गेलं, एवढंच विचारावं.

लाउथ काउंटीत वाइल्डगूस लॉज नावाचं घर होतं. एडवर्ड लिंच नावाचा कॅथलिक शेतकरी तिथे राहायचा. 1816 च्या एप्रिलमध्ये काही माणसं शस्त्रं मागायला रात्री त्याच्या घरात घुसली. लिंचने तक्रार केली, कोर्टात ओळख पटवली आणि तिघे फासावर गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस एका रात्री जमाव परत आला आणि घर पेटवून दिलं. आत आठ जण होते, त्यात एक तान्हं मूल. एकही वाचला नाही. सरकारने पुढच्या काळात अठरा जणांना फाशी दिलं, काहींची प्रेतं वाटसरूंना दिसावीत म्हणून टांगून ठेवली. त्यांतले काही निर्दोष होते, अशी शंका आजही घेतली जाते, कारण बरेचसे पुरावे बक्षिसाच्या आशेने बोलणाऱ्या खबऱ्यांचे होते. यात इंग्रज कुठे आहे? मारणारे कॅथलिक, मेलेले कॅथलिक, आणि गुन्हा काय, तर कोर्टात साक्ष दिली.

त्याआधी, 1806 ते 1811 च्या दरम्यान, टिपरेरी, वॉटरफर्ड, किल्केनी, लिमरिक या पट्ट्यात कॅराव्हॅट आणि शॅनावेस्ट अशा दोन टोळ्या जत्रेच्या मैदानांवर एकमेकांची डोकी फोडत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती दंगामस्ती वाटायची. पण कॅराव्हॅटांत भरणा मजुरांचा आणि अल्पभूधारकांचा, शॅनावेस्टांमागे बऱ्यापैकी जमीन असलेले शेतकरी. दोन्हीकडे कॅथलिकच. शेतकरी आपला खंड आणि मजुरीचे दर राखत होता, मजूर ते मोडू बघत होता. इंग्रज जमीनदार बऱ्याचदा शेकडो मैल दूर. ज्याच्याकडून तुकडा घ्यायचा आणि ज्याच्याशी भांडायचं, तो माणूस रोज समोर दिसणारा. एवढं झाल्यावर 'कॅथलिक शेतकरी' असा एकच गट धरणं म्हणजे दिवाणजी आणि सालगडी यांना एकाच पंगतीत बसवणं.

"चर्च जनतेच्या पाठीशी"

थोडक्यात सांगतो. 1806-07 मध्ये कॉनॉट प्रांतातल्या थ्रेशरांनी दशमांशाबरोबर (प्रोटेस्टंट चर्चसाठीचा कर, त्याबद्दल पुढे) स्वतःच्या कॅथलिक पाद्र्यांच्या लग्न-बारशाच्या दक्षिणेचे दरही ठरवून दिले. किल्डेअर आणि लेलिनचे बिशप जेम्स डॉइल यांनी 1822 मध्ये रिबनमेनचा जाहीर निषेध केला. कॅथलिकांचा मोठा नेता आणि वकील डॅनियल ओकॉनेललाही या रात्रीच्या टोळ्या नकोशा होत्या. पाद्री खरोखर पुढे आले ते 1831 च्या दशमांशविरोधी आंदोलनात, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

"लंडनहून आणलेले इंग्रज पोलिस"

हा तर कालक्रमच उलटा. रॉबर्ट पीलने आयर्लंडचा मुख्य सचिव असताना 1814 मध्ये शांतता राखण्यासाठी खास दल उभारलं आणि ते पहिल्यांदा टिपरेरीतल्या मिडलथर्ड भागात पाठवलं. लंडनचे पोलिस त्याच पीलने 1829 मध्ये काढले. म्हणजे आयर्लंड पंधरा वर्षं आधी. 1822 मध्ये प्रत्येक काउंटीला कॉन्स्टॅब्युलरी, म्हणजे कायमचं पोलिस दल, मिळाली, आणि 1836 मध्ये ती सगळी एका महानिरीक्षकाखाली आली.

भरती कुणाची? आयर्लंडमधल्याच तरुणांची, बरेचसे लहान शेतकऱ्यांचे मुलगे. 1840 च्या दशकापर्यंत शिपायांत कॅथलिक जवळपास निम्मे झाले होते. अधिकारी मात्र बहुतेक प्रोटेस्टंट, ते शल्य राहिलंच. शिपायाला स्वतःच्या काउंटीत नेमायचं नाही, असा नियम होता. नातेवाईक आणि शेजारी यांच्यावर कारवाई करायला हात धजत नाही, हे सरकारने ओळखलं होतं.

याचा अर्थ पोलिस गावाचे लाडके होते असा नाही. लंडनचा शिपाई दंडुका घेऊन फिरायचा, आयर्लंडचा बंदूक घेऊन बराकीत राहायचा. 1814 च्या कायद्यानुसार ज्या भागात दल पाठवलं त्याचा खर्च सुरुवातीला त्याच भागाच्या माथी. वर इन्सरेक्शन अॅक्ट, म्हणजे बंडाविरुद्धचा कायदा, 1814 ला परत आणलेला आणि 1822 ला पुन्हा: जाहीर केलेल्या भागात सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडलात तर ज्यूरीशिवाय खटला आणि सात वर्षांची हद्दपारी, बहुधा ऑस्ट्रेलियाला. हे भयंकर होतं, आणि त्यासाठी इंग्रज शिपाई लागला नाही.

सरकार कायम जमीनदारांच्या खिशात होतं, हेही सरसकट खरं नाही. टिपरेरीच्या दंडाधिकाऱ्यांनी, म्हणजे जमीनदारांनीच, 1838 मध्ये आणखी कडक कायदे मागितले, तेव्हा उपसचिव थॉमस ड्रमंडने त्यांना कळवलं की मालमत्तेला हक्क असतात तशी कर्तव्यंही असतात. जमीनदारांना ते फार झोंबलं.

"निःशस्त्र शेतकऱ्यांवर पोलिसांच्या गोळ्या"

आता दशमांश. प्रोटेस्टंट चर्चसाठी उत्पन्नाचा दहावा हिस्सा सगळ्यांकडून, कॅथलिकांकडूनही, घेतला जाई. पण 1735 च्या संसदीय ठरावामुळे कुरणं यातून जवळजवळ सुटली होती. गुरांचे मोठे मालक मोकळे आणि मन्स्टरमधला मजूर मात्र बटाट्याच्या तुकड्यावर दशमांश भरतोय, असा प्रकार. 1823 च्या कायद्याने कुरणंही कक्षेत आली. मग मोठ्या कॅथलिक शेतकऱ्यांनाही दशमांश एकाएकी अन्यायकारक वाटू लागला! 1831 मधली ती एकजूट इथून आली.

गोळीबार झाले, पण कुणी केले ते नीट बघा. जून 1831 मध्ये वेक्सफर्डमधल्या न्यूटाउनबॅरीला जप्त गुरांच्या लिलावावेळी जमावावर गोळ्या झाडल्या त्या यीओमन्री या स्थानिक हंगामी दलाने, ज्यात प्रोटेस्टंट शेतकऱ्यांचा भरणा होता. डिसेंबर 1834 मध्ये कॉर्कमधल्या रॅथकॉर्मकला एका विधवेच्या थकलेल्या दशमांशासाठी लष्कर गेलं आणि किमान बारा माणसं मेली.

आणि डिसेंबर 1831 मध्ये किल्केनीतल्या कॅरिकशॉकला उलटंच झालं. दशमांशाच्या नोटिसा बजावणाऱ्या माणसाला संरक्षण देत निघालेली पोलिस तुकडी दोन बांधांमधल्या अरुंद वाटेत जमावाने अडवली. काठ्या, दगड, गवताचे काटे, हॉकीसारख्या खेळाच्या दांड्या. मुख्य कॉन्स्टेबल गिबन्ससह दहापेक्षा जास्त पोलिस आणि तो नोटीसवालाही ठार झाला. जमावातले तिघे गेले. खटला चालला, ओकॉनेल आरोपींच्या बाजूने उभा राहिला, आणि एकालाही शिक्षा झाली नाही. 1838 मध्ये दशमांश एक चतुर्थांशाने कमी होऊन जमीनमालकाच्या खंडात विरघळला.

"तेच पोलिस भारतात आले"

हे अर्धं बरोबर आहे. आला तो आराखडा. चार्ल्स नेपियरने सिंध जिंकल्यावर 1843 मध्ये आयरिश कॉन्स्टॅब्युलरी डोळ्यांसमोर ठेवून तिथे पोलिस दल उभारलं: लष्करापासून वेगळं, शस्त्रधारी, कवायत केलेलं, स्वतःचे अधिकारी असलेलं. 1847 मध्ये सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला. 1853 मध्ये इलाख्याच्या जिल्ह्यांत पोलिस सुपरिंटेंडंट नेमायला सुरुवात झाली, तेव्हा नमुना सिंधचाच होता. लंडनच्या दंडुकेवाल्या शिपायाशी त्याचं नातं फार थोडं. त्याचं माहेर टिपरेरीच्या बराकीत.