मावशींनी पट्टा थांबवला तेव्हा

मॅनेजर झालो त्या पहिल्याच सीझनला मी एका मावशींना सगळ्या बायकांसमोर झापलं. त्यांनी फळं पुढे सरकवणारा पट्टा थांबवला होता म्हणून.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. रत्नागिरीजवळचा आंब्याचा कॅनिंग कारखाना, दारात चार टेम्पो उभे, अढीतला माल सगळा एकदम तयार झालेला. पिकलेला हापूस कुणासाठी थांबत नाही. आज पल्परमध्ये, म्हणजे गर काढायच्या मशीनमध्ये, गेला नाही तर उद्या त्यातला किती फेकावा लागेल सांगता येत नाही. अशा वेळी मावशींनी लाल बटण दाबलं. कापलेल्या फळांत साका फार येतोय, हा लॉट बाजूला काढा, असं त्यांचं म्हणणं होतं. साका बाहेरून कळत नाही. फळ वरून सोन्यासारखं आणि आत गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. तो फक्त कापणाऱ्या हाताला समजतो, आणि त्या मावशींचे हात वीस वर्षं आंबा कापत होते.

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. आवाज गेटपर्यंत गेला एवढं खरं. संध्याकाळी लॅबमधून कळलं की त्या बॅचचा रंग फिका आलाय आणि चवही उतरलीय. म्हणजे मावशी बरोबर होत्या. ते मी कुणालाच सांगितलं नाही, मावशींना तर नाहीच. झापण्यापेक्षा हे गप्प राहणं मला आज जास्त लागतं.

त्यानंतर उरलेल्या सीझनभर पट्टा एकदाही थांबला नाही. मला वाटलं, शिस्त लागली.

जूनच्या सुरुवातीला गोडाऊनमध्ये एका थप्पीतले डबे फुगलेले सापडले. मग शेजारच्या थप्पीतले. साडेतीनशेच्या वर डबे गेले. कारण शोधायला दोन दिवस लागले. सीमरचा, म्हणजे डब्याला झाकण दुमडून बसवणाऱ्या मशीनचा, एक रोल ढिला झाला होता. गरम पल्प भरून डबा बंद करतात, उकळत्या पाण्यातून काढतात आणि मग गार पाण्यात सोडतात. गार होताना आत निर्वात होतं. दुमड नीट बसली नसेल तर नखाएवढीही फट लागत नाही, डबा बाहेरचं पाणी आत ओढून घेतो आणि पाण्याबरोबर जंतूही जातात. म्हणून दर काही वेळाने एक डबा घेऊन त्याची दुमड कापायची आणि मायक्रोमीटरने मोजायची असते. आमच्याकडे ती मोजणी घाईत कागदावरच होत होती. त्याला जबाबदार मीच, कारण घाई माझी होती.

सीमरवरच्या पोराला विचारलं, "तुला काहीच जाणवलं नाही?" तो खाली बघत म्हणाला, "सायेब, तुमी वरडाल म्हनून नाय बोललो."

त्या रात्री मी बॅच रजिस्टर काढून बसलो. त्यात 'अडचण / बिघाड' असा एक रकाना होता. पंधरा मेनंतर तो जवळजवळ कोरा. तेच रजिस्टर मी महिनाअखेरीला मालकांपुढे अभिमानाने ठेवलं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं, तेव्हा हा कोरा रकाना डोळ्यांपुढे आला. पुढे हार्वर्डच्या प्राध्यापक झालेल्या या संशोधक बाईंनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीममध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका मोजल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील अशी त्यांची अटकळ होती. निघाल्या जास्त. खोलात गेल्यावर दिसलं, की चांगल्या टीममधली माणसं आपली चूक उघड बोलत होती आणि बाकीची दाबून ठेवत होती. माझी टीम दाबणारी होती, आणि तिला तशी मीच केली होती, एका दुपारी, दोन मिनिटांत.

त्याच सीझनची दुसरी चूक याच जातीची. दहा जूनपर्यंत कारखाना चालवायचा असं मी एक्सेलमध्ये मांडलं होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात बायका कमी व्हायला लागल्या. मी नोटीस लावली, न सांगता गैरहजर राहिल्यास पगार कापला जाईल. अरे, रोहिणी लागल्या होत्या! धूळवाफेची पेरणी पाऊस पडायच्या आत उरकायची असते, आणि इकडे निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. शेतात जाणार कोण? मी स्वतः भातशेतीच्या घरातला. माझी आई याच दिवसांत कामाला सुट्टी मारून वाफ्यात उभी असायची. हे सगळं माहीत असलेला माणूस खुर्चीत बसल्यावर एका महिन्यात विसरतो, याचं मला अजून वाईट वाटतं. एप्रिलमध्येच बायकांना बसवून विचारलं असतं, की तुमची पेरणी कधी, कोण कुठल्या दिवशी येईल, तर त्यांनीच अर्ध्या तासात पाळ्या लावून दिल्या असत्या. पुढच्या वर्षी तसंच केलं आणि त्यांनी खरंच लावून दिल्या.

मावशींची माफी मागायला मला वर्ष लागलं. आधी केबिनमध्ये बोलावून मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला आणि उठताना म्हणाल्या, "बोललात ते बरं केलंत. पन तवा वरडलात ते चार बायकांत." दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं. गेल्या वर्षी मावशींनी पट्टा थांबवला ते बरोबर होतं, लॅबचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला होता आणि मी तो लपवला. पाय कापत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी काही बोललंही नाही. एकीने पदर खोचला आणि कामाला लागली. त्या दिवशी दुपारी पट्टा एकदा थांबला.

टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरचा कुठलाही कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून अडचण कळवू शकतो. आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरल्या वेळात मार्ग निघाला नाही तर लाइन थांबते. दोरी काय, आमच्याकडे बटण पहिल्या दिवसापासून होतं. पण ते दाबणाऱ्याचं पुढे काय होतं हे बायकांनी पाहिलेलं होतं. आता आमचा नियम एवढाच आहे, की बटण दाबलं की मी किंवा सुपरवायझर तिथे चालत जायचं आणि पहिला प्रश्न 'काय दिसलं?' हाच विचारायचा. 'कुणी दाबलं?' हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. गेल्या सीझनला एका नवीन मुलीने दोनदा विनाकारण थांबवलं. दोन्ही वेळा फळ चांगलं होतं. तिला मावशींनी शेजारी उभं करून साका आणि नुसता फिका गर यांतला फरक दाखवला. मिनिटं गेली, जाऊ देत.

हे लिहायला कारण घडलं. आमच्याच धंद्यातले एक ज्येष्ठ परवा एका नव्या मॅनेजर मुलाला सांगत होते, "सीझनमध्ये गोड बोलून काम होत नाही, धाक पाहिजे." मी तिथे गप्प बसलो, म्हणून इथे बोलतोय. काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, धाकाने हात भराभर चालतात हे खरं आहे. पण आमच्या धंद्यात बिघाड पहिल्यांदा कळतो तो कापणारीला, सीमरवाल्याला, हमालाला. केबिनमध्ये तो सगळ्यात शेवटी पोचतो. धाक बसला की तो पोचतच नाही, डबा फुगल्यावर दिसतो. कामात हयगय केली तर कडक बोलावं लागतं, मीही बोलतो. पण वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसावर नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या नव्या मुलाला कुणीतरी हे आत्ताच सांगायला हवं, मे उजाडायच्या आत.

सीमरवरचा तो पोरगा त्या वर्षीच काम सोडून मुंबईला गेला. त्याला मी तेव्हा काही विचारलं नाही, नुसता जाऊ दिला. पुढच्या वर्षी गणपतीत तो गावी आल्याचं कळलं, तशी त्याच्या घरी दर्शनाला गेलो. आईने पानावर मोदक वाढले. माजघरात जरा निवांत झाल्यावर जे बोलायचं होतं ते बोललो. तो बराच वेळ समईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सायेब, त्या रोलचा आवाज डबे भरायच्या आदल्या दिवसापासनंच येत होता. टक-टक असा."