देणगी मागायला शिकावंच लागतं

संस्था चालवणाऱ्यांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काम चांगलं असलं की पैसा आपोआप येतो; ओळखी असल्या की भागतं; निधी उभारणीच्या प्रशिक्षणावर खर्च म्हणजे देणगीदाराच्या पैशाची उधळपट्टी; त्यापेक्षा जमवलेल्या देणगीच्या टक्केवारीवर माणूस नेमा. मला यातलं काहीच पटत नाही. शेवटचा सल्ला तर घातक आहे.

‘आपोआप’पासून सुरुवात करते. काम उत्तम असूनही बंद पडलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. त्यांच्या वतीने कुणी कधी नेमकं मागितलंच नव्हतं. मागणं अंगात मुरवावं लागतं. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात आम्हाला जोडीजोडीने समोरासमोर बसवलं होतं. एक जण देणगीदार, दुसरा मागणारा. रक्कम स्पष्ट सांगायची आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. ती शांतता मला सोसली नाही. ‘थोडी कमी दिलीत तरी चालेल,’ असं मीच बोलून गेले. खऱ्या भेटींतही मी वर्षानुवर्षं हेच करत आले होते, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

ओळखींचं म्हणाल तर ओळखीने दार उघडतं, नातं पुढे सांभाळावं लागतं. अमेरिकी उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी पदवीनंतरच्या वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला ५ डॉलर दिले होते. २०१८ मध्ये त्यांनी गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्याच विद्यापीठाला १.८ अब्ज डॉलर जाहीर केले. ५ डॉलर देणाऱ्याचीही नीट नोंद ठेवणं, वेळेवर आभार मानणं, पैशाचं काय झालं ते कळवणं हे रोजचं काम आहे, आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग याच कामाचा असतो. पती गेल्यानंतरही त्यांच्याच नावाने एका संस्थेकडून आलेलं आभारपत्र हातात धरून बसलेल्या बाई मी पाहिल्या आहेत. त्या संस्थेकडे ओळखींची कमतरता नव्हती; नोंदी नीट नव्हत्या.

उधळपट्टीचा आक्षेप लवकर निकालात निघतो. २०१३ मध्ये संस्थांची पारख करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन अमेरिकी संस्थांनीच देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं. केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका, असं त्यात म्हटलं होतं. आवश्यक गुंतवणूक म्हणून त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्यात प्रशिक्षणही होतं.

आता टक्केवारी. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या निधी उभारणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनेची आचारसंहिता टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई करते. कारण उघड आहे. समजा, एखाद्या आजी मृत्युपत्रात संस्थेसाठी तरतूद करायचा विचार करताहेत; त्यांना मुलांशी बोलायला वर्षभर हवं आहे. पगारी माणूस थांबेल. ज्याचं घर टक्क्यावर चालतं तो याच महिन्यात चेक मागेल, आणि आजी कायमच्या दुरावतील. शिवाय मागणारा स्वयंसेवक आहे, कर्मचारी आहे की भाड्याने आणलेला, हे विचारायचा देणगीदाराला हक्क आहे. याच संघटनेने इतरांसोबत मिळून केलेल्या देणगीदारांच्या हक्कांच्या सनदेत तसं लिहिलेलं आहे. ‘माझ्या पैशातले तुम्हाला किती?’ असं त्याने विचारलं, तर टक्केवारीवाल्याने काय सांगायचं?

दोन दिवसांच्या शिबिराने कुणी तयार होत नाही, एवढं मात्र मलाही मान्य आहे. तसा दावा या क्षेत्रातलं सीएफआरई (सर्टिफाइड फंड रेझिंग एक्झिक्युटिव्ह) हे प्रमाणपत्रही करत नाही. त्यासाठी आधी प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते आणि दर ३ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.