‘रॉयल्टी बुडवली म्हणून कापूस बुडाला’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पेरणीचे दिवस जवळ आले की कापसाच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: “२०१६ मध्ये सरकारने बीटीची रॉयल्टी कापली. कंपनी रुसली, नवं तंत्रज्ञान परत घेऊन गेली. तेव्हापासून कापसाची उत्पादकता घसरली. पुढे तर रॉयल्टी शून्यच करून टाकली. ऑस्ट्रेलियातला शेतकरी टनामागे रॉयल्टी मोजतो म्हणून तिथे नवे वाण येतात. आपल्याकडे वाण काढणाऱ्याला कायद्याचं संरक्षण नाही आणि शेतकऱ्याला सगळं फुकट पाहिजे. रॉयल्टी द्या, संशोधन घ्या.” खाली हात जोडलेले आणि बोंडांनी लगडलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, फोटो.

यातली काही वाक्यं खरी आहेत, म्हणून बाकीचीही खपून जातात. एकेक घेऊ. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेला कापूस, एवढं ध्यानात ठेवा.

“रॉयल्टी कापली, तेव्हापासून उत्पादकता घसरली”

कपात झाली हे खरं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाण्याच्या दर नियंत्रणाचा आदेश काढला. मार्च २०१६ मध्ये बीजी-२ च्या (बोलगार्ड-२, दोन जनुकांचं बीटी) पाकिटाचा दर ८०० रुपये ठरला आणि त्यातलं तंत्रज्ञान शुल्क, म्हणजे आपण ज्याला रॉयल्टी म्हणतो ते, १६३ रुपयांवरून ४९ वर आलं. २०१८ ला ३९, २०१९ ला २०, २०२० ला शून्य.

आता उत्पादकतेकडे बघा. २००२-०३ मध्ये देशाची सरासरी हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई (सरकी, म्हणजे बी, काढलेला कापूस) होती. २००७-०८ मध्ये ती ५५४ झाली आणि २०१३-१४ मध्ये ५६६ किलोंवर पोचली. त्यानंतरची लागोपाठ दोन वर्षं घसरणीची, आणि त्या दोन्ही वर्षी रॉयल्टी पुरेपूर वसूल होत होती. उलट कपातीनंतरच्या पहिल्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, सरासरी पुन्हा वर गेली. रॉयल्टी कापल्याने ती वाढली असं म्हणण्याचा आचरटपणा मी करणार नाही. पाऊस बरा होता, इतकंच. पण मग नंतरची घसरण तरी रॉयल्टीच्या माथी कशी मारायची? आज आपण ४४० किलोंच्या आसपास आहोत, आणि त्याचं उत्तर पाकिटावरच्या किमतीत सापडत नाही. ते हिरव्या बोंडात सापडतं.

ऑक्टोबरमध्ये पऱ्हाटीत शिरा. अर्धवट मिटलेलं, गुलाबाच्या कळीसारखं फूल दिसलं की समजायचं डोमकळी. शेजारचं हिरवं बोंड वरून चांगलं दिसतं, छिद्रही नसतं. नखाने फोडलं की आत सरकीला चिकटलेली गुलाबी अळी. बोंडाच्या आत बसलेल्या या अळीपर्यंत फवारा पोचत नाही आणि २०१७ मध्ये हाच फवारा मारता मारता यवतमाळ जिल्ह्यात माणसं मेली. ही अळी बीजी-१ ला, म्हणजे आधीच्या एका जनुकाच्या बीटीला, दाद देत नाही हे गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट जिल्ह्यांत आढळलं आणि खुद्द कंपनीने, म्हणजे बीटी आणणाऱ्या मोन्सँटोने, २०१० मध्ये ते जाहीरपणे मान्य केलं. बीजी-२ चा निभाव लागत नाही हे गुजरातेतच २०१४-१५ च्या सुमारास दिसू लागलं. दोन्ही वेळा कपात व्हायची होती.

अळी इतक्या लवकर का सरावली? जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापूस सरळ वाणांत (ज्यांचं बी राखून पुन्हा पेरता येतं) आहे, आपल्याकडे मात्र जवळजवळ सगळा संकरित. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्यांमध्ये जनुकांची वाटणी होते: काही सरक्यांत दोन्ही विषं, काहींत एकच, काहींत एकही नाही. एकाच बोंडात अळीला सौम्य खुराकापासून जहाल खुराकापर्यंत सगळं चाखायला मिळतं. त्यात आपले संकरित वाण लांब मुदतीचे, आणि पाणी असलं की फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड, म्हणजे वेचणी झालेलं पीक न काढता पुढे राखणं. पाकिटासोबत बिगर बीटीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, ती शेताभोवती लावायची होती, म्हणजे विषाला न सरावलेल्या अळ्याही टिकल्या असत्या. ती बांधावरच फेकली जायची, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. पुढे म्हणूनच ते बी पाकिटातच मिसळून द्यायला लागले.

अमेरिकेने हीच गुलाबी बोंडअळी २०१८ मध्ये देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. बीटी वाण होतेच, पण जोडीला नसबंदी केलेले पतंग शेतांवर सोडले गेले, वेचणीनंतर पऱ्हाट्या वेळेवर गाडल्या गेल्या, आणि हा कार्यक्रम सरकारी पैसा आणि कापूस उत्पादकांच्या वर्गणीवर चालला. रॉयल्टी भरून अळी गेली नाही.

“कंपनी रुसली, नवं तंत्रज्ञान परत घेऊन गेली”

हेही वाक्य खरं. तणनाशकाला दाद न देणाऱ्या कापसाचा अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने परवान्यांबाबत एक अधिसूचना काढली आणि आठवड्याभरात ती मसुदा म्हणून मागे घेतली. असला धरसोडपणा पाहून कुणीही गुंतवणूकदार बिचकेल, हे मान्यच करावं लागेल. निंदणाची मजुरी ज्याला परवडत नाही त्या शेतकऱ्याचं यात नुकसान झालं. आज तो चोरबीटी, म्हणजे मंजुरी नसलेलं तसलं बी, घेतो: ना बिल, ना उगवणीची हमी, ना फसला तर तक्रारीला जागा. २०१९ च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात उघडपणे ते बी पेरलं, ते याच रागातून.

पण मेसेज सोयीस्करपणे एक गोष्ट गाळतो. परत गेलेल्या त्या वाणात बोंडअळीविरुद्ध नवीन काहीच नव्हतं. अळीसाठी बीजी-२ मधलीच दोन जनुकं, वर तणनाशक सहन करण्याचा गुण. ते आलं असतं तर निंदण वाचलं असतं. गुलाबी अळी होती तिथेच राहिली असती.

“रॉयल्टी शून्यच करून टाकली”

पेटंटची मुदत अर्जापासून वीस वर्षं. बीजी-२ शी संबंधित पेटंटचा भारतातला अर्ज नोव्हेंबर १९९९ चा, म्हणजे २०१९ च्या नोव्हेंबरात ते संपलं. शुल्क शून्य झालं ते २०२० च्या हंगामासाठी. संपलेल्या पेटंटवर रॉयल्टी कुठल्या देशात मिळते, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. बीजी-१ ला तर भारतात पेटंट नव्हतंच, तरी सुरुवातीच्या काळात पाकीट सोळाशेच्या घरात विकलं गेलं आणि त्यात निम्म्याहून जास्त वाटा तंत्रज्ञान शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं तेव्हा कुठे भाव उतरले.

आता खरी गंमत. २०१९ ला पाकीट ७३० रुपये, त्यात रॉयल्टी २०. २०२० ला रॉयल्टी शून्य, आणि पाकीट? ७३० रुपयेच. शेतकऱ्याच्या खिशात त्या विसातला एक रुपयाही आला नाही. तेच पाकीट २०२५ मध्ये ९०१ रुपयांवर गेलं. देशात वर्षाला चार कोटींच्या वर पाकिटं खपतात. गुणाकार करून बघा आणि मग विचारा की संशोधनाला पैसा नाही तो नेमका कुणाकडे नाही. बियाणे कंपन्यांची एक तक्रार मात्र मला पटते: सगळ्यांना एकच कमाल दर असला की चांगल्या आणि सुमार वाणाला एकच भाव मिळतो, मग चांगलं करायची ऊर्मी राहत नाही. त्यावर बोललं पाहिजे. पण ती तक्रार दर नियंत्रणाची आहे, तिला रॉयल्टीचा मुलामा देऊ नका.

“ऑस्ट्रेलियातला शेतकरी रॉयल्टी मोजतो”

मोजतो. कशी मोजतो ते मेसेजमध्ये नाही.

तिथे गव्हाची रॉयल्टी बियाण्याच्या पिशवीवर नसते. धान्य विकायला नेलं की टनामागे दोन-चार डॉलर कापले जातात. पाऊस दगा देऊन गेला आणि पीक हाती आलंच नाही, तर रॉयल्टीही नाही. वाण बेकार निघाला तर वाण काढणाऱ्याचंही उत्पन्न बुडतं. घरचं बियाणं राखून पुन्हा पेरायला आडकाठी नाही. आपल्याकडे काय होतं? पाकीट घेताना, म्हणजे आभाळाकडे बघत असतानाच, पैसे मोजून मोकळे. दुबार पेरणी आली की दुसरं पाकीट, आणि शुल्क होतं तोवर दुसऱ्यांदा शुल्क. महाराष्ट्रातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

शिवाय तिथला धान्य उत्पादक रॉयल्टीच्या आधीपासून कायद्याने ठरलेली वर्गणी देतो. गव्हाच्या विक्रीवर जेमतेम एक टक्का संशोधन महामंडळाला जातो आणि सरकार त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत भर घालतं. गहू पैदाशीच्या ज्या मोठ्या संस्था आहेत, त्यांतल्या काहींत या महामंडळाचीच भागीदारी आहे.

आणि कापूस! ऑस्ट्रेलियातला जवळजवळ सगळा कापूस तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने, म्हणजे सीएसआयआरओने, पैदा केलेल्या वाणांचा आहे. ते बियाणं विकणारी कंपनी वी वा या गावातली, १९६७ मध्ये स्थापन झालेली, शेतकऱ्यांच्याच मालकीची. बीटी जनुक परदेशी कंपनीचं, त्याचे पैसे ते वेगळे देतात. पण ज्या झाडात ते जनुक घालायचं ते झाड त्यांचं स्वतःचं आहे, म्हणून वाटाघाटीला बसताना त्यांच्या हातात काहीतरी असतं. आपल्याकडे जनुकही दुसऱ्याचं आणि झाडही दुसऱ्याचं. ऑस्ट्रेलियाचा दाखला द्यायचा तर पुरता द्या.

कॅनडातही २०१८ च्या अखेरीस सरकारने गव्हावर अशाच रॉयल्टीचे दोन पर्याय चर्चेला ठेवले होते. तिथल्या शेतकऱ्यांमधून कडाडून विरोध झाला. त्यांचा मुद्दा साधा होता: वाणांच्या पैदाशीसाठी आम्ही दर टनाला वर्गणी देतोच आहोत, सरकारी केंद्रांनी आमच्या पैशातून काढलेल्या वाणांवर पुन्हा रॉयल्टी कशाला?

“वाण काढणाऱ्याला कायद्याचं संरक्षण नाही”

आहे. २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. शेतपिकाच्या नोंदलेल्या वाणाला पंधरा वर्षं, झाडं आणि वेलींना अठरा वर्षं. शेतकऱ्याला घरचं बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा, विकायचाही हक्क आहे, फक्त संरक्षित वाण ब्रँड लावून विकता येत नाही. २०१९ मध्ये गुजरातेत एका बड्या कंपनीने चिप्सच्या बटाट्यावरून चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी कोटीभराचे दावे ठोकले आणि महिन्याभरात मागे घेतले. आधी त्या वाणाची नोंदणी रद्द झाली, मग जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. संरक्षण नसतं तर एवढी खटलेबाजी झाली असती का?

आणि कापसात शेतकरी बियाणं राखतोच कुठे? संकरित पऱ्हाटीची सरकी पुढच्या वर्षी पेरली की झाडं भलत्याच वळणाची निघतात, म्हणून दरवर्षी नवं पाकीट. जालना-बुलढाणा पट्ट्यातल्या बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये बायका संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर नखाने खुडतात आणि सकाळी नर फुलाचे पराग लावतात. इतक्या कष्टाचं बी आहे ते. त्याच्या संरक्षणाला पोलीस लागत नाहीत, ते काम वनस्पतीच करते. राखलेल्या बियाण्याचा प्रश्न सोयाबीनचा, तुरीचा, हरभऱ्याचा आहे, आणि तिथले चालू वाण बहुतांश कृषी विद्यापीठांचे आहेत. जबलपूरचं जेएस-३३५, राहुरीचं फुले संगम, बदनापूरची बीडीएन-७११ तूर. रॉयल्टीच्या कुठल्याही पाकिटाशिवाय आलेले.

सरकारी संशोधनाची आरती ओवाळायची नाही. सरकारी बीटी म्हणून आणलेल्या बिकानेरी नरमामध्ये कंपनीचंच जनुक सापडलं आणि तो वाण गुंडाळावा लागला. कापसात ती नामुष्की अजून धुऊन निघालेली नाही, आणि विद्यापीठांत शास्त्रज्ञांच्या रिकाम्या खुर्च्या आहेतच.

“शेतकऱ्याला सगळं फुकट पाहिजे”

ऊस उत्पादकाला विचारा. गाळलेल्या टनामागे एक रुपया मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला जातो. त्या रुपयाच्या हिशेबावर वाद होतात, व्हायलाच हवेत, पण तो जातो. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला विचारा. ‘आरा’ मालिकेतले परदेशी वाण त्याने परवाना घेऊन, रॉयल्टी मोजूनच लावले, कारण निर्यातीत त्याचा भाव मिळतो हे त्याला दिसत होतं.

उलट्या दिशेचा हिशेब कुणी मांडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये धानाच्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी वाण तयार केला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) १९९४ मध्ये त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी नावाने वाण प्रसारित केला. तो तांदूळ आज देशभर खाल्ला जातो. दादाजी २०१८ मध्ये गेले, त्यांना कुणी टनामागे काही मोजलं नव्हतं. तासगावच्या बागेतून आलेली तास-ए-गणेश आणि नान्नजची सोनाका द्राक्षंही शेतकऱ्यांचीच निवड.

“रॉयल्टी द्या, संशोधन घ्या” म्हणणाऱ्यांनी मग हा हिशेब करावा. राज्यात रुईच्या ८० लाख गाठी धरल्या तर सरकीसकट कापूस साधारण चार कोटी क्विंटल होतो. जिनिंगवर काट्यावरच क्विंटलला पाच रुपये कापले तर वर्षाला वीस कोटी. तेवढेच सरकारने घालावेत. त्यातून नागपूर-अकोल्यात लवकर येणारे, सघन लागवडीचे सरळ बीटी वाण तयार व्हावेत आणि पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवणाऱ्या समितीत निम्मे कापूस उत्पादक असावेत. पीक बुडालं तर वर्गणीही नाही. हे पाच रुपये द्यायला मी तयार आहे. पाकिटावर आगाऊ, दुसऱ्याच्या तिजोरीत आणि हिशेब न विचारता द्यायचे असतील तर नाही.