पोरीनं केलेलं चालत नाही, तर पोरीला सांगता कशाला?

डोकं फिरलंय माझं. लेक सीनियर केजीत आहे. 12 तारखेला रात्री साडेनऊला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला: 14 ला व्हॅलेंटाइन डे, वर्गातल्या सगळ्या 36 मुलांसाठी कार्डं आणायची, घरी केलेली, मुलांनी स्वतःच्या हातानं केलेली. गोळ्या-चॉकलेट अजिबात नको.

चॉकलेट नको, याला माझा पूर्ण पाठिंबा. वर्गात कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच, पोरं खिसे भरून चॉकलेटं आणतात आणि रात्री दाढ धरून रडत बसतात. शाळेपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, तेलाचं काही विकायचं नाही असा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. तो गेटसमोरच्या टपरीला कुणी सांगत नाही, ते सोडा.

पण मधे एक दिवस देऊन 36 कार्डं? त्यात 13 तारीख नेमकी आमच्या पाण्याची. चार दिवसांनी नळ येणार म्हटल्यावर पहाटेपासून पिंपं, टाकी, कळशा. तसंच आवरून नवी पेठ गाठली. लाल कार्डशीट तिसऱ्या दुकानात मिळाला, तोही चुरगळलेला. सासरे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, ते संध्याकाळी लाल टॉवेलच्या चिंध्या पिशवीभर घेऊन आले. लेकीनं त्या गालाला लावून बघितल्या. "आई, लै मऊ आहे गं. ह्याचंच करू."

पाच वर्षांच्या बोटांना कात्री वळणावर फिरवता येत नाही. सरळ रेघ कशीबशी कापते, बदामाच्या खाचेत आली की अडकते. म्हणून तिनं अंगठा लाल रंगात बुडवला, दोन तिरके ठसे उमटवले, खालची टोकं जुळली की झाला बदाम. शेजारी फेविकॉलनं टॉवेलचा तुकडा, खाली नाव. एस प्रत्येक वेळी उलटा. मी फक्त कागद कापून दिले. बाविसाव्या कार्डाला डोळे मिटायला लागले तरी उठेना. "ह्याला निळा आवडतो, ह्याला लाल नको," म्हणत अंगठा धुऊन पुन्हा निळ्या रंगात. कोण कुठल्या बाकावर बसतं, कुणाला काय आवडतं, सगळं पाठ तिला. तेवढं मन लावून केलं होतं पोरीनं.

आणि शाळेत काय झालं? लेस लावलेली, मशीनवर कापलेली, फोटो छापलेली कार्डं बोर्डावर लागली, ग्रुपवर त्यांचे फोटो आले. ती पाच वर्षांच्या पोरांनी केलेली नाहीत हे आंधळ्यालाही कळेल. माझ्या लेकीचा गठ्ठा रबरबँडसकट दप्तरात परत. वाटूसुद्धा दिला नाही. टीचर म्हणे, "थोडं नीट हवं होतं, मम्मींनी हेल्प करायला पाहिजे होती."

मग 'स्वतःच्या हातानं' कशाला लिहिलं होतं? सरळ लिहायचं ना, आयांनी करून पाठवा म्हणून! 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा आहे, खेळत, हातांनी करत शिकायचा. शाळेच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर तो छापलाय, फी भरताना आम्हाला वाचूनही दाखवला. आणि पोरीनं खरोखर हातानं केलं, तर ते लपवून ठेवायचं?

रिक्षात माझ्या मांडीवर बसून विचारते, "आई, माझा अंगठा घाण आहे का?"

काय सांगू मी तिला? नखात अजून लाल रंग होता.

सोमवारी तो गठ्ठा घेऊन मी शाळेत जाणार आहे. 36 च्या 36 कार्डं तिच्या हातानं वाटून झाल्याशिवाय मी वर्गाच्या दारातून हलणार नाही.