हैतीचं काळं डुक्कर

माझी कॉलेजची पहिली फी आजीने दोन बोकडं विकून भरली होती. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. म्हणूनच हैती या कॅरिबियन बेटावरच्या देशातल्या डुकरांची हकीकत वाचल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही.

तिथल्या शेतकऱ्याच्या दारात काळं, काटक गावठी डुक्कर असायचं. उष्टं-खरकटं खाऊन वाढायचं. पोराची फी आली, दवाखाना आला, मयत झाली, की ते विकायचं. १९७८ मध्ये शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. तो आपल्याकडे पोचू नये म्हणून अमेरिकेने पुढाकार घेतला आणि १९८३ पर्यंत हैतीतली जवळपास सगळी गावठी डुकरं मारली गेली. बदल्यात अमेरिकन डुकरं आली. त्यांना सिमेंटची फरशी हवी, स्वच्छ पाणी हवं, विकतचं खाद्य हवं. जिथे माणसांनाच धड पाणी नाही, तिथे! लोकांनी त्यांचं नाव पाडलं, चार पायांचे राजपुत्र.

मग अडीनडीला विकायला उरलं काय? झाड. तोडायचं, मातीखाली धुमसत ठेवायचं, कोळशाची पोती भरून शहरात पाठवायची. तिथल्या चुली कोळशावरच पेटतात. डोंगर आधीपासून बोडके होत होतेच, आता उरलीसुरली झाडंही गेली. सप्टेंबर २००४ मध्ये जीन वादळाचा पाऊस कोसळला तेव्हा पाणी आणि चिखल थेट गोनाईव्ह शहरात उतरला. सुमारे तीन हजार माणसं गेली. त्याच बेटावरच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधले बळी याच्या पासंगालाही पुरणार नाहीत.

हैतीला 'शापित देश' म्हणतात तेव्हा मला संताप येतो. गुलामांनी फ्रेंचांना हरवून १८०४ मध्ये हा देश उभा केला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका दारात उभ्या करून १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. मालकांचे मळे गेले, गुलाम गेले, त्याची भरपाई! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण त्यापायी काढलेल्या कर्जांचे हप्ते १९४७ पर्यंत फिटत होते. शाळा, रस्ते, बंधारे कशातून बांधायचे होते त्यांनी?

२०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांना घरात घुसून मारलं. आज राजधानी पोर्त-ओ-प्रिन्सचा बहुतेक भाग टोळ्यांच्या ताब्यात आहे. २०२४ मध्ये युनिसेफने सांगितलं, या टोळ्यांमधले निम्म्यापर्यंत सदस्य अल्पवयीन मुलं आहेत. शाळेच्या वयाची पोरं.

त्यांच्या आजीच्या दावणीला काहीच उरलेलं नव्हतं.